सोनटक्क्यांचा चौथा कागद

माझ्या लग्नाच्या पंगतीत सोनटक्के साहेबांनी लाडू मोजला. मोजला म्हणजे किती वाढले ते नव्हे. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला, बुंदीचा लाडू त्याच्या दोन जबड्यांत अलगद धरला आणि आकडा वाचला. मग शेजारच्या पाहुण्याच्या पानातला एक, पलीकडच्याच्या पानातला एक. असे तीन नमुने झाले. "एक्केचाळीस, एक्केचाळीस, शेहेचाळीस," ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले. "तिसरा टॉलरन्सच्या बाहेर आहे. निरीक्षण सांगतो, मत नाही." सासऱ्यांना वाटलं, मुलाकडच्यांचा लाडवांवरून काहीतरी मानापमान निघाला. ते तसेच आचाऱ्याला शोधायला धावले. संध्याकाळी आहेराची पाकिटं उघडली तेव्हा सोनटक्क्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'लाडू – आकार कमीजास्त. चव ओके.'

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तयार होतात. मी प्रॉडक्शनला आणि सोनटक्के क्वालिटीला. म्हणजे आम्ही बनवायचं आणि त्यांनी नाही म्हणायचं. माणूस मूळचा परभणीकडचा. तरुणपणी पिंपरीत आला, पुढे मोशीला फ्लॅट घेतला, आणि एवढ्या वर्षांत परभणीची बोली जाऊन तिच्या जागी कंपनीची बोली कायमची येऊन बसली. लग्नात, बारशाला, मयताला, कुठेही हा माणूस इन्स्पेक्शन रिपोर्टसारखाच बोलायचा. शर्टाच्या खिशात लाल पेन, हिरवं पेन आणि सहा इंची पोलादी पट्टी. व्हर्निअर मात्र पँटच्या खिशात, जांभळ्या खणाच्या छोट्या पिशवीत. पिशवी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, शिवलेली. तिला नाडी होती, आणि सोनटक्के ती नाडी सोडायला लागले की मशीनवरचे ऑपरेटर घाम पुसायला लागायचे.

'निरीक्षण सांगतो, मत नाही' हे त्यांचं एक ठरलेलं वाक्य. दुसरं, 'ड्रॉइंग कुठंय?' ड्रॉइंग म्हणजे मापं दिलेला आराखडा. खंडेनवमीला ऑफिसातल्या मुलींनी गेटपाशी मोठी रांगोळी काढली, तर हे तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ड्रॉइंग कुठंय?" मुलगी म्हणाली, "मनात आहे, सर." त्यावर त्यांनी इतक्या काळजीनं तिच्याकडे बघितलं की तिला वाटलं आपल्याला काही आजार आहे. न्हाव्याकडे ते दोन्ही कल्ले पट्टीनं मोजून घ्यायचे. कँटीनच्या पोह्यांबद्दलही त्यांचं मत मला कधी कळलं नाही. शेंगदाणे किती होते ते मात्र रोज कळायचं.

आता एक कंपनीतली रीत सांगायला हवी. शिफ्ट सुरू झाली की मशीनवर जो पहिला नग निघतो त्याला फर्स्ट पीस म्हणतात. तो क्वालिटीच्या टेबलावर जातो. त्याची तपासणी सगळ्यात कडक. कारण त्यात चूक राहिली तर पुढचे हजार नग त्याच चुकीचे निघणार. फर्स्ट पीस ओके झाल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. झाला, तर त्याला हिरवं लेबल दोऱ्यानं बांधायचं आणि तो मशीनपाशी टांगून ठेवायचा. लॉट, म्हणजे ती खेप, पूर्ण होईपर्यंत तिथून हलवायचा नाही. मी सोळा वर्षं रोज सकाळी हातात गरम फर्स्ट पीस घेऊन सोनटक्क्यांच्या टेबलापुढे उभा राहिलोय आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय. तेव्हा ही रीत मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही.

मोशीहून कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. अकरा वर्षं. ते खिडकीशी, मी कडेला. चाकणच्या चौकात बस अडकते ती अडकतेच. लोक झोपतात, मोबाईल बघतात. मी तिथे कादंबरी लिहिली. हसू नका. खरंच लिहिली. 'उलट्या नदीचं राज्य, भाग पहिला'. समुद्राकडून डोंगराकडे वाहणारी नदी, ती डोंगरात जिथे संपते तिथे गड, गडावरचा राजा गावातली पोरं उचलून नेतो, आणि भीमाक्का नावाची नावाडीण आपल्या आठ वर्षांच्या पोराला शोधायला निघते. एकूण तीन भाग करायचे ठरवले होते. पहिल्या भागाच्या शेवटी भीमाक्काची नाव पहाटेच्या धुक्यात गडाच्या घाटाला लागते, घाटावर कोणीतरी हात वर करून उभं असतं, आणि पुस्तक संपतं. तिथे थांबल्याचा मला भारी अभिमान होता.

पुस्तक छापून आलं. बायको म्हणाली, मुखपृष्ठ छान आहे. भाऊ म्हणाला, सवडीनं वाचतो. कंपनीत सगळ्यांनी पेढे खाल्ले. सोनटक्क्यांनी प्रत हातात घेतली, पट्टीनं लांबी-रुंदी बघितली आणि विचारलं, "पुढचे दोन भाग याच मापाचे?"

"हो."

"म्हणजे हा फर्स्ट पीस," ते म्हणाले आणि पुस्तक डब्याच्या पिशवीत ठेवलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी बसमध्ये माझ्या हातात रिपोर्ट ठेवला. कंपनीच्याच छापील फॉर्मवर, पिन मारलेले चार कागद. पहिला कागद नुसता लाल. 'पान ४७, घोडा काळा. पान १८२, तोच घोडा तपकिरी. बदलाची नोंद नाही.' 'पान ६०, नाव आठ हात लांब. तीत अकरा माणसे व दोन शेळ्या. लोड जास्त.' 'तलवार विजेसारखी चमकली: चौदा वेळा.' 'नकाशा नाही. ड्रॉइंगशिवाय माल कसा तपासावा?'

मी कसनुसा हसत होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून मेन्टेनन्सच्या ढमालेनं हात लांब करून कागद उचलले. हा मोशीचा जुना गावकरी, आवाज भजनातला. त्यानं उभं राहून वाचायला घेतलं.

"ऐका रे! 'नदी डोंगराकडे वाहते. म्हणजे गडाकडे जाताना नाव प्रवाहाबरोबर. शिपायांना जायला तीन दिवस लागले. येताना प्रवाहाविरुद्ध, तर एकच दिवस. तपासावे.' आरं व्हय की! गायकवाड, राव, नदी तू उलटी केली आन नाव सरळच ठिवली!"

सगळी बस हसून लोटपोट. ड्रायव्हरसुद्धा आरशातून हसत होता. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण चूक खरी होती. तीन वर्षं मी त्या नदीत होतो, आणि ती कुठल्या बाजूला वाहते हे मलाच लक्षात राहिलं नव्हतं. ढमाले तिसऱ्या कागदापर्यंत आला तेव्हा मी त्याच्या हातातून रिपोर्ट हिसकावला, चुरगाळला आणि खिडकीबाहेर फेकला. मग सोनटक्क्यांकडे वळलो.

"साहेब, जन्मात एक तरी वस्तू स्वतः बनवलीय का तुम्ही? नुसतं मोजत आलात आयुष्यभर."

सोनटक्क्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खिशातली पट्टी थोडी वर आली होती, ती बोटानं खाली सारली. मग म्हणाले, "निरीक्षण बरोबर आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या सीटवर बसायला लागलो.

कादंबरीच्या दुसऱ्या भागाची चाळीस पानं लिहून तयार होती. ती मी कपाटात टाकली. कोणी विचारलं की सांगायचो, "क्वालिटीनं लॉट थांबवला." लोक हसायचे आणि मला तेवढ्यात बरं वाटायचं. खरं तर मला थांबायला निमित्तच हवं होतं, हे कबूल करायला पुढे पुष्कळ काळ गेला.

चार महिन्यांनी सोनटक्के रिटायर झाले. शाल-नारळ झाल्यावर ते माझ्या लाइनवर आले. मशीनवर टांगलेला फर्स्ट पीस उगाच हातात घेऊन बघितला.

"दुसऱ्या भागाचं सेटिंग चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मान वर केली नाही.

त्यांनी नग परत जागेवर टांगला. "बरं," म्हणाले आणि गेले.

मोशी काही मोठी नाही. त्यांची बिल्डिंग माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरी तीन वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. एकदा भाजी बाजारात दुरून दिसले, दुधी भोपळ्याला पट्टी लावताना. मी दुसऱ्या गल्लीत शिरलो. लाज होती की राग होता, मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावेत.

मागच्या वर्षी ढमालेनं बसमध्ये सांगितलं, "सोनटक्क्याची मंडळी गेली. पंधरा दिस झाले. तुला ठावं न्हाई?" मला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी बायको म्हणाली, "आता तरी जाऊन या." मी गेलो.

दार त्यांनीच उघडलं. "गायकवाड, या," इतकंच म्हणाले, जणू आदल्या दिवशी बसमधून सोबत उतरलो होतो. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर. एक त्यांची. दुसऱ्या वेताच्या खुर्चीवर काकूंची उशी तशीच होती. त्या खुर्चीच्या वर, हात पोचेल अशा उंचीवर, भिंतीत एक खिळा होता. त्याला दोऱ्यानं माझं पुस्तक टांगलेलं होतं. पुठ्ठ्याला हिरवं लेबल.

मी जवळ जाऊन लेबल हातात घेतलं.

"लॉट संपेपर्यंत काढायचा नसतो," ते म्हणाले. "तिला हाताला लागावं म्हणून त्या उंचीवर."

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं, तेही रिपोर्ट दिल्यासारखं, एकेक मुद्दा. काकूंना साखरेचा त्रास. त्यात डोळे गेले. मी बसमध्ये त्यांच्या शेजारी बसत होतो त्याच काळात गेले. ते रोज संध्याकाळी घरी आले की काकूंना वाचून दाखवायचे. पेपर, मासिकं, लायब्ररीतलं जे मिळेल ते. मग माझी कादंबरी. अकरा वर्षं मी या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसलो, पोह्यातले शेंगदाणे किती ते ऐकलं, आणि घरी कोण कसं आहे हे एकदाही विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही हे खरं. मी विचारलं नाही हे जास्त खरं.

"तुम्ही फेकलेल्या रिपोर्टची माझ्याकडे कॉपी आहे," ते म्हणाले. "कॉपी ठेवल्याशिवाय मी रिपोर्ट देत नाही." कपाटातून फाइल काढली. "पहिले तीन कागद माझे. चौथा तिचा. ती बोलली, मी लिहिलं."

चौथा कागद हिरव्या शाईत होता.

'भीमाक्का लई चांगली हाय. तिला एकदा तरी पोटभर जेऊ घाला, सोळा पानं लडाई चालली आन कुनी भाकर खाल्ली न्हाई. शेवटचं पान दोनदा वाचून घेतलं. मला समदं दिसलं. धुकं दिसलं, नदी दिसली. डोळे गेल्यापासून एवडं मोकळं काई दिसलं नव्हतं. पलीकडं घाटावर कोन उबं हाय ते लौकर सांगा.'

खाली सोनटक्क्यांच्या अक्षरात: 'निर्णय – फर्स्ट पीस ओके. त्रुटी दुरुस्त करून लॉट चालू करावा. तातडीने.' त्या 'तातडीने'ला दोन रेघा. सोळा वर्षांत त्यांच्या एकाही रिपोर्टवर तो शब्द मी पाहिला नव्हता.

"ती रोज विचारायची, चौथा कागद पोचला का," सोनटक्के म्हणाले. "मी सांगितलं, पोचला. तीस वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद केली नाही. ही एक केली."

त्यांनी फाइलखालची एक वही पुढे केली. शाळेतली असते तशी, रेघांची.

"तुमचा माल येईना. ती घाटावरच अडकली होती. मग मीच बनवायला घेतलं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्यावरची नजर काढून घेतली. "तुम्ही म्हणाला होता ना, एक तरी वस्तू."

वहीत घाटावर कोण उभं होतं याच्या सतरा गोष्टी होत्या. पहिल्या गोष्टीत गडाचा पहारेकरी होता. दुसऱ्या गोष्टीत जकातीचा कारकून, तो भीमाक्काकडे नावेची पावती मागत होता. पाचव्या गोष्टीत घाटावर चक्क एक इन्स्पेक्टर उभा होता आणि नावेची लांबी मोजत होता. आठ हात भरली. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. प्रत्येक गोष्टीखाली लाल शाईत काकूंचा शेरा होता, सोनटक्क्यांनी लिहून घेतलेला. 'नामंजूर. ह्ये तुमचं हाय, त्या लिवणाऱ्या लेकराचं न्हाई.' पाचवीखाली: 'ह्ये तर तुमीच उबे हायत. बाजूला सरका, भीमाक्काला उतरू द्या.' सतराव्या गोष्टीखाली शेरा नव्हता. मी विचारलं नाही.

सोनटक्के आत जाऊन चहा घेऊन आले. दोन्ही कप सारखे भरलेले. समोर बसले आणि म्हणाले, "गायकवाड, आता सांगा. कोण उभं होतं?"

ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कपाटातल्या चाळीस पानांत ते पहिल्याच पानावर होतं. ते एक पान मी या घरात आणून दिलं असतं तरी पुरलं असतं. दहा मिनिटांचा रस्ता.

मी सांगितलं. घाटावर एक म्हातारा उभा असतो. केस पांढरे, पाठ वाकलेली. गडावर वर्षं भराभर जातात, म्हणून आठ वर्षांचा पोरगा तिथे म्हातारा होऊन गेलाय, आणि आई अजून तरुणच आहे. ती त्यालाच विचारते, बाबा, माझं पोर पाहिलंत का? तो काही बोलत नाही. मग तिचं लक्ष जातं. तो डावी टाच उचलून उभा आहे. लहानपणी नाव येताना दिसावी म्हणून काठावर तसाच उभा राहायचा.

सोनटक्के ऐकत होते. चहा निवला. मी वाट बघत होतो की आता वयाचा हिशोब मागतील, गडावरचं एक वर्ष म्हणजे खालचे किती दिवस, तक्ता कुठंय. त्यांनी काही मागितलं नाही. वेताच्या खुर्चीकडे बघत बसले.

"निरीक्षण?" शेवटी मीच विचारलं.

"निरीक्षण नाही," ते म्हणाले. "मत आहे."

"सांगा."

"तिनं हे ओके केलं असतं."

मी मान खाली घातली. माफ करा म्हणालो. नीट म्हणता आलं नाही. त्यांनी ऐकलं की नाही, तेही कळलं नाही. ते कप उचलून आत गेले आणि आतूनच, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पण तोंडी माल मी घेत नाही, गायकवाड. लिहून आणा."

तेव्हापासून मी दर रविवारी दहा पानं घेऊन जातो. ते वेताच्या खुर्चीकडे तोंड करून मोठ्यानं वाचतात. आधी 'पान एक' असं सांगतात, मग वाचतात. पान संपलं की थोडं थांबतात, आणि मग उलटतात. मी दाराजवळच्या स्टुलावर बसतो. पुढच्या रविवारी मला रिपोर्ट मिळतो, कंपनीच्याच जुन्या फॉर्मवर. शेरे तितकेच, शाई लालच. गेल्या आठवड्यात भीमाक्काच्या भाकरी मोजल्या होत्या.

रिपोर्टला कागद मात्र चारच असतात. तीन भरलेले, चौथा कोरा. तो ते पिनेत लावायचं विसरत नाहीत. रिपोर्ट हातात पडला की आता मी आधी चौथा कागद बघतो.